द्राक्षावरच्या डाऊनी रोगाचा धोका मोजता येतो, मग अंदाजाने फवारणी कशाला?

गावाकडची पोरं बारावी झाली की पुण्याला कंपनीत लागायचं म्हणतात, शेतीत काही राम नाही असं घरचेच सांगतात म्हटल्यावर त्यांचं तरी काय चुकतं. पण मोबाईलवर आकडे बघून निर्णय घ्यायची जी सवय या पोरांना आहे ना, तीच आज द्राक्षबागेत सगळ्यात जास्त कमी पडतेय.

निफाड, दिंडोरी, तासगाव कुठंही जा, ऑक्टोबर छाटणी झाली की बागायतदाराची झोप उडते ती डाऊनीमुळे, म्हणजे केवड्यामुळे. हा रोग दिसतो बुरशीसारखा पण ती खरी बुरशी नाही, शैवालांच्या जवळचं खानदान आहे, आणि म्हणूनच त्याला पाणी लागतं. त्याची बीजाणूची पिशवी पानावर पडते, पान ओलं असेल तर ती फुटते, आतून दोन शेपट्यांचे बारीक जीव बाहेर पडतात आणि त्या पाण्याच्या थरातून चक्क पोहत पोहत पानाच्या खालच्या बाजूच्या छिद्रांतून आत घुसतात. पान त्याआधी वाळलं तर खेळ खल्लास. तेलकट पिवळा डाग दिसायला मात्र पुढं साधारण आठवडा जातो, म्हणजे डाग दिसला तेव्हा लागण जुनी झालेली असते. भुरी या द्राक्षावरच्या दुसऱ्या रोगाचं उलटं, तिला पानावर पाणी लागतच नाही, त्यामुळे दोन्हीला एकच वेळापत्रक लावणं म्हणजे औषध वाया.

म्हणजे खरा प्रश्न पाऊस किती पडला हा नाहीच, पान किती तास ओलं राहिलं आणि तेव्हा तापमान किती होतं हा आहे. दव पडलं तरी पान ओलंच. हेच मोजायला लीफ वेटनेस सेन्सर असतो, पानासारखी एक चपटी पट्टी, वेलीच्या पसाऱ्यात तिरकी लावायची, पाणी बसलं की तिचे विद्युत गुण बदलतात आणि आकडा मोबाईलवर येतो. पट्टीवर फवाऱ्याचा थर आणि धूळ साचली की आकडा खोटा येतो बरं का, ती ओल्या फडक्याने पुसत राहावी लागते. सेन्सरसकट महागडं हवामान स्टेशन बसवून पट्टी कोणी पुसतच नसेल तर ते बुजगावणंच!

यात पैसा वाचतो तो वाचतोच, पण मालात औषधाचा अंश राहिला तर काय होतं ते 2010 साली आपण बघितलंय, क्लोरमेक्वाट या वेलीची वाढ रोखणाऱ्या रसायनाच्या अंशामुळे युरोपात आपली द्राक्षं अडकली होती. नको तेव्हाची एक फवारणी टळली की तेवढी ती भीती कमी.

सेन्सर आला म्हणून सगळं सुटत नाही हेही खरं. पोंगा अवस्थेत (डोळे नुकतेच फुटताना) आणि फुलोऱ्यात धोका वेगळा असतो, ते वडिलांनाच जास्त कळतं, त्यांना विचारूनच आकडा वाचायचा. घ्यायचाच असेल तर छाटणीच्या आधी बसवा, आणि पैसे देण्याआधी तीन गोष्टी विचारा: पान ओलं मोजणारी पट्टी सोबत आहे का (नुसतं पाऊस-तापमान देणारी स्टेशनं पण मिळतात), स्टेशनमधल्या सिमकार्डला बागेत रेंज येते का, आणि वर्षाची वर्गणी संपली की जुना डेटा बघता येतो की नाही.