ल्यूथरन दृढीकरण आणि त्यामागची मंडळी

दृढीकरण म्हणजे लहानपणी बाप्तिस्मा झालेल्या मुलाने मंडळीपुढे, म्हणजे चर्चच्या सभासदांपुढे, आपला विश्वास स्वतः सांगण्याचा विधी. नाशिकच्या चर्चमध्ये दृढीकरणाच्या वर्गाला येणारी मुलं बहुतेक नववी-दहावीच्या वयाची असतात. शाळा, क्लास, टेस्ट सिरीज आणि त्यातूनच वेळ काढून हा वर्ग. शिकवण्याचं सगळं पाळकसाहेबांवर सोपवलेलं असतं. मंडळीतली बाकीची मोठी माणसं या मुलांना भेटतात ती विधीच्या दिवशी, नवे कपडे घालून ती पहिल्या बाकावर बसलेली असतात तेव्हा. हात मिळवायचा, शुभेच्छा द्यायच्या, फोटो काढायचा. पुढच्या वर्षी त्यांतली किती मुलं उपासनेला दिसतात हे ज्याला त्याला ठाऊक आहे, आणि त्याची खंतही सगळ्यांनाच आहे.

आपल्या युवक संघांमध्ये आणि पंच कमिट्यांमध्ये या विषयावर बोलणं होतं तेव्हा ते लवकरच मुलांच्या मोबाइलवर आणि पालकांच्या उदासीनतेवर येऊन थांबतं. मला वाटतं, त्याआधी थोडं मागे जाऊन पाहायला हवं. प्रॉटेस्टंट दृढीकरणाचा मोठा इतिहास ल्यूथरन चर्चने घडवला. तो वाचताना एक गोष्ट पुन्हा पुन्हा समोर येते: या विधीचं ओझं सुरुवातीला एकट्या मुलावर टाकलेलंच नव्हतं. ते घरावर आणि मंडळीवर होतं.

मार्टिन ल्यूथरने दृढीकरणाला संस्कार म्हणून मान्यता दिली नाही. मध्ययुगीन चर्चमध्ये ते बिशपच्या तेलाभिषेकाशी जोडलेलं होतं, आणि ख्रिस्ताने त्याची आज्ञा दिल्याचं शास्त्रात कुठे दिसत नाही, असं त्याचं म्हणणं होतं. मात्र पाळकाने मुलांचा विश्वास पारखून त्यांच्यावर हात ठेवायला हरकत नाही, असंही त्याने १५२३ मध्ये सांगून ठेवलं. त्याची खरी काळजी वेगळीच होती. १५२८ च्या सुमारास जर्मनीतल्या सॅक्सनीमधल्या मंडळ्यांची पाहणी झाली. खेड्यापाड्यांतल्या लोकांना दहा आज्ञा येत नव्हत्या, प्रभूची प्रार्थना येत नव्हती, आणि कित्येक पाळकही शिकवण्याच्या लायकीचे नव्हते. हे पाहून ल्यूथर हादरला. १५२९ मध्ये त्याची लघुप्रश्नोत्तरी, म्हणजे प्रश्नोत्तरांतून विश्वास शिकवणारी छोटी पुस्तिका, आली. तिचे भाग आधी भिंतीवर लावायच्या तक्त्यांसारखे छापले गेले, पुस्तक त्यानंतर आलं. दहा आज्ञा, विश्वासांगीकार, प्रभूची प्रार्थना, बाप्तिस्मा, पापांगीकार, प्रभुभोजन. भागांच्या मथळ्यात सूचना असायची की कुटुंबप्रमुखाने हे आपल्या घरच्यांना सोप्या रीतीने शिकवावं. सोबत सकाळ-संध्याकाळची प्रार्थना आणि जेवणाआधीची उपकारस्तुतीही दिली होती. म्हणजे शिकण्याची पहिली जागा जेवणाचं ताट आणि घरची भिंत. चर्चमधला वर्ग त्यानंतर.

विधीला आजचं रूप यायला लागलं ते जर्मनीतल्या हेसमध्ये. तिथे पुनर्बाप्तिस्मावादी लोकांचा, म्हणजे तान्ह्यांचा बाप्तिस्मा न मानणाऱ्यांचा, जोर होता आणि त्यांचा आरोप झोंबणारा होता: तुम्ही तान्ह्या मुलांना बाप्तिस्मा देता, मग पुढे त्यांच्याकडे कोण पाहतं? हेसचा शासक फिलिप याने स्ट्रासबुर्गहून मार्टिन बुत्सर या धर्मसुधारकाला बोलावलं. १५३८-३९ मध्ये झीगेनहाइन आणि कासेल इथल्या चर्चव्यवस्थेच्या नियमावल्या तयार झाल्या. बुत्सरने त्या आरोपाला नुसतं शास्त्रवचनांनी उत्तर दिलं नाही, त्याने माणसं नेमली. प्रत्येक मंडळीत वडील, म्हणजे देखरेख करणारी जबाबदार वडीलधारी माणसं, निवडायचे. मुलं शिकवणीला येतात की नाही, पालक त्यांना पाठवतात की नाही, हे वडिलांनी पाळकांच्या जोडीने पाहायचं. मूल तयार झालं की नाताळ, ईस्टर, पेंटेकॉस्ट अशा मोठ्या सणाला आईवडील आणि गॉडफादर-गॉडमदर यांनी त्याला मंडळीपुढे आणायचं. मूल आपला विश्वास सांगणार, सगळी मंडळी त्याच्यासाठी प्रार्थना करणार आणि पाळक त्याच्यावर हात ठेवणार.

ही नियमावली वाचताना मला पहिल्यांदा जाणवलं की दृढीकरण हे मुळात एका टीकेला दिलेलं प्रामाणिक उत्तर होतं. टीका मंडळीवर होती, म्हणून उत्तरही मंडळीनेच द्यायचं होतं.

इथेच नाशिकचा धागा जोडला जातो. हेसनंतर दहा वर्षांनी बुत्सरला स्ट्रासबुर्ग सोडावं लागलं. तो इंग्लंडला गेला, केंब्रिजला शिकवू लागला आणि १५५१ मध्ये तिथेच वारला. अँग्लिकन, म्हणजे इंग्लंडच्या चर्चचं, प्रार्थनापुस्तक घडत होतं तेव्हा त्याने त्यावर सविस्तर अभिप्राय दिला होता. त्यात दृढीकरणाच्या विधीबद्दलही त्याने कळकळीने लिहिलं. पुढे १६६२ च्या पुस्तकानेही मुलांना विश्वासांगीकार, प्रभूची प्रार्थना आणि दहा आज्ञा आल्याच पाहिजेत अशी अट ठेवली. हीच परंपरा चर्च मिशनरी सोसायटीबरोबर नाशिकला आली. १८५० च्या दशकाच्या मध्यात विल्यम सॉल्टर प्राइस यांनी शरणपूर वसवलं, १९२९ मध्ये नाशिकचा अँग्लिकन धर्मप्रांत झाला, आणि १९७० मध्ये नागपूरला उत्तर भारतीय चर्चची स्थापना झाली तेव्हा तो त्यात सामील झाला. आपल्याकडे दृढीकरण बिशपांच्या हस्ते होतं. ल्यूथरन चर्चमध्ये ते मुलाला रोज ओळखणारा त्याचा स्वतःचा पाळक करतो. फरक आहे, पण दोन्हीकडे बुत्सरचा हात आहे.

दुसरा धागा शरणपूरच्या मुलांचा. गुलामांच्या जहाजांवरून सोडवून आणलेल्या आफ्रिकी मुलामुलींना इथे लिहायला-वाचायला शिकवलं जाई, सुतारकी-लोहारकी शिकवली जाई. त्यांच्यातले काही पुढे मोम्बासाजवळच्या रबाईला गेले. तिथे योहानेस रेबमान हा वुर्टेम्बर्गचा ल्यूथरन मिशनरी काम करत होता, आणि दृढीकरण त्याच्या मुलखात १८ व्या शतकापासून सर्वत्र रुजलेलं होतं. शरणपूरला शिकलेला जेकब वेनराइट लिव्हिंग्स्टनच्या शेवटच्या प्रवासात सोबत होता. १८७३ मध्ये आजच्या झांबियात लिव्हिंग्स्टन वारले तेव्हा जवळ पाळक नव्हता, चर्चही नव्हतं. तिथे अंत्यविधीची प्रार्थना वाचली ती या तरुणाने. शरणपूरला कोणीतरी त्याला ती वाचायला शिकवलं होतं, आणि ते शिकणं गरजेच्या वेळी त्याच्याजवळ होतं.

ल्यूथरन मुलखात मात्र पुढे दृढीकरणाला वेगळं वळण लागलं. १७ व्या शतकाच्या अखेरीस फिलिप याकोब श्पेनर आणि त्याच्या भक्तिमार्गी सहकाऱ्यांनी त्यात अंतःकरण ओतलं. मुलाने बाप्तिस्म्याचा करार स्वतःच्या तोंडून पुन्हा स्वीकारावा, हा भर त्यांचा. मग राज्यसत्तेला यात रस वाटू लागला. डेन्मार्क-नॉर्वेमध्ये १७३६ साली राजा सहावा क्रिस्तियान याने दृढीकरण सक्तीचं केलं. ते झालं नसेल तर लग्न करता येत नसे. पुढच्याच वर्षी एरिक पॉन्टोपिडान याचं प्रश्नोत्तरांचं पुस्तक आलं. त्यात ७५९ प्रश्न होते. मुलांना ते वाचता यावेत म्हणून नॉर्वेत १७३९ मध्ये शाळांचा कायदा झाला, आणि गावागावातली गरीब मुलं वाचायला शिकली. हा मोठा लाभ होता, तो नाकारता येत नाही. पण त्याच चर्चमध्ये मुलांना फरशीवर रांगेत उभं करत, आणि रांगेत कोण पुढे, कोण मागे, यात पाठांतराबरोबर घराण्याचं वजनही मोजलं जाई. शेवटच्या जागेवर उभ्या असलेल्या मुलाच्या मनात त्या दिवसाची काय आठवण राहत असेल? आपल्याकडे वर्गात अडखळणाऱ्या मुलाला सगळ्यांदेखत "एवढंही येत नाही?" असं म्हटलं जातं, तेव्हा ती रांग मला दिसते.

स्वीडनमध्ये १६८६ च्या चर्च कायद्यानंतर पाळक गावोगावी जाऊन घरच्या लोकांची वाचनाची आणि प्रश्नोत्तरीची परीक्षा घेत. नोंदी वहीत होत. धाक होता, तरी एक गोष्ट खरी की पाळक घरी यायचा आणि घरातल्या मोठ्यांनाही तेच प्रश्न विचारायचा. आजच्या वर्गात फक्त मुलांना विचारलं जातं.

मंडळीने मुलांना साथ देणं म्हणजे काय, याचं मला सर्वांत जवळचं वाटणारं उदाहरण बर्लिनचं आहे. १९३१ च्या अखेरीस डीट्रिख बोनहॉफर या तरुण पाळकाकडे झिऑन चर्चचा दृढीकरणाचा वर्ग आला. वस्ती कामगारांची, काळ मंदीचा आणि बेकारीचा. सुमारे पन्नास मुलगे, आणि आधीच्या वयस्क पाळकाला त्यांनी टेकीस आणलेलं. पहिल्या दिवशी मुलं जिन्यावरून खाली वस्तू फेकत होती, त्याच्या नावाचा गलका करत होती. बोनहॉफर भिंतीला टेकून शांत उभा राहिला आणि हळू आवाजात, फक्त पुढच्यांना ऐकू जाईल असं, एक गोष्ट सांगू लागला. गलका आपोआप ओसरला. पण त्यावर तो थांबला नाही. १९३२ च्या सुरुवातीला त्याने त्याच वस्तीत एका बेकरीवाल्याच्या घरी खोली भाड्याने घेतली आणि घरमालकिणीला सांगून ठेवलं की आपण नसलो तरी मुलांना आत येऊ द्यावं. एकेकाच्या घरी जाऊन तो आईवडिलांना भेटला. सुट्टीच्या दिवशी मुलांना शहराबाहेर नेलं. दृढीकरणाला चांगला सूट घालायची रीत होती आणि या घरांना ते परवडणारं नव्हतं, म्हणून त्याने कापडाचा मोठा तागा घेतला आणि प्रत्येकाला त्यातून सुटापुरतं कापड दिलं. मार्च १९३२ मध्ये त्या मुलांचं दृढीकरण झालं.

कापडाची गोष्ट मी मुद्दाम सांगतो. आपल्याकडेही पांढरी साडी, पांढरा फ्रॉक, नवा शर्ट-पँट, घरी जेवणावळ हे सगळं आलंच. ज्या घरी आई चार घरची कामं करते किंवा वडील कंपनीत कंत्राटावर आहेत, तिथे या खर्चापायी "पुढच्या वर्षी बघू" म्हटलं जातं, आणि कारण पाळकसाहेबांच्या कानावर कधीच जात नाही. महिला मंडळाने हे हळुवारपणे, कोणाचं नाव न घेता हाताळलं तर ते मोठं काम होईल.

साथ कमी पडली तर काय होतं, हेही जर्मनीनेच पाहिलं. पूर्व जर्मनीच्या सरकारने १९५५ पासून दृढीकरणाच्या वयातल्या मुलांसाठी 'युगेंडवाइहे' हा सरकारी दीक्षाविधी सुरू केला. चर्चने आधी ठाम भूमिका घेतली: तो विधी करणाऱ्याचं दृढीकरण होणार नाही. तत्त्व बरोबर होतं. पण विधी नाकारणाऱ्या मुलाला उच्च माध्यमिक शाळेची दारं बंद होण्याची भीती होती, आणि ती किंमत त्या चौदा वर्षांच्या मुलाने आणि त्याच्या घराने एकट्याने मोजायची होती. काही वर्षांतच बहुसंख्य मुलं सरकारी विधीकडे गेली. नंतर चर्चला आपली भूमिका सैल करावी लागली.

त्यानंतरच्या काळात ल्यूथरन चर्चांनी बरंच नव्याने मांडलं. अमेरिकेत १९७० मध्ये तिथल्या ल्यूथरन चर्चांच्या संयुक्त समितीने सुचवलं की प्रभुभोजन साधारण दहाव्या वर्षी द्यावं आणि दृढीकरण पंधरा-सोळाच्या आसपास व्हावं. तोवर प्रभुभोजन दृढीकरणानंतरच मिळे; आता ते परीक्षेचं बक्षीस उरलं नाही. तिथे पुढे प्रत्येक मुलामागे मंडळीतलं एक मोठं माणूस, आईवडील सोडून दुसरं कोणीतरी, जोडून देण्याची पद्धत अनेक ठिकाणी आली. तिथल्या आजच्या विधीत एक प्रश्न थेट मंडळीला असतो: तुम्ही या मुलांना आधार द्याल का, त्यांच्यासाठी प्रार्थना कराल का? आणि मंडळी उभं राहून होकार देते.

फिनलंडची रीत मला फार आवडते. तिथे पंधराव्या वर्षी मुलं दृढीकरणाच्या शाळेला जातात. ती महिनोन्महिने चालते आणि बहुतेकांसाठी तिचा गाभा म्हणजे आठवडाभराचं शिबिर. त्या शिबिरात शिकवायला, गाणी घ्यायला, रात्री रडणाऱ्या एखाद्याजवळ बसायला असतात मागच्या वर्षी-दोन वर्षांत दृढीकरण झालेलीच मुलं, त्यासाठी प्रशिक्षण घेतलेली. सोळा-सतरा वर्षांच्या मुलाला मंडळी सांगते की तुझं काम आता सुरू झालं.

एक गोष्ट नाशिकच्या मातीतली. लक्ष्मीबाई टिळक इथल्याच जलालपूरच्या, आणि त्यांची अखेरही १९३६ मध्ये नाशिकला झाली. त्यांचे पती नारायण वामन टिळक यांनी १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतला. लक्ष्मीबाईंनी तो घेतला १९०० मध्ये, स्वतःला पटल्यावर. मधली पाच वर्षं त्यांना मिळाली. दृढीकरणाच्या वर्गातला एखादा मुलगा किंवा मुलगी म्हणाली, "मला अजून नाही वाटत," तर तिलाही तेवढी मोकळीक मिळायला हवी, आणि त्या काळात मंडळीतल्या मावशी-काकांनी तिच्याशी बोलणं सोडता कामा नये. बॅच पूर्ण भरावी म्हणून घाई केलेलं दृढीकरण मला कधीच योग्य वाटलं नाही.

आपल्या मंडळ्यांत हे सगळं उचलायला फार काही लागत नाही. वर्ग सुरू होतो त्या रविवारी मुलांची नावं उपासनेत वाचावीत आणि प्रत्येक नावामागे एका वडीलधाऱ्याने वर्षभराची जबाबदारी घ्यावी, बुत्सरच्या वडिलांसारखी. महिन्यातून एकदा घरी जाणं, दहावीच्या परीक्षेच्या आदल्या दिवशी फोन, नाताळच्या कॅरल राउंडला बरोबर नेणं. पालकांनी वर्गाच्या दोन-तीन बैठकांना मुलांशेजारी बसून तेच धडे शिकावेत. वर्गाची वेळ क्लासच्या वेळेवर आदळत असेल तर वर्गाची वेळ बदलावी, मुलावर चिडू नये. आणि विधी झाल्यावरच्या पहिल्या रविवारी त्या मुलांना काहीतरी सोपवावं: शास्त्रपाठ वाचणं, संडे स्कूलच्या लहान वर्गाला मदत, पुढच्या बॅचच्या शनिवारच्या वर्गात पाळकसाहेबांच्या शेजारची खुर्ची.