अवेटचा खर्च कुठून आला?

जावास्क्रिप्ट एका थ्रेडवर चालते, म्हणजे एका वेळी एकच काम करते, त्यामुळे नेटवर्कच्या उत्तरासाठी सगळं थांबवून चालत नाही. उत्तर आल्यावर करायचं काम फंक्शन म्हणून देऊन ठेवायचं, ही कॉलबॅकची पद्धत २००९ मध्ये नोडबरोबर (ब्राउझरबाहेर जावास्क्रिप्ट चालवणारं साधन) सर्व्हरवरही रुळली. कॉलबॅक स्वस्त होते, पण एकात एक घुसत गेले की चूक नेमकी कुठे झाली हे शोधताना घाम फुटायचा. मग २०१५ च्या ईएस६ या भाषेच्या आवृत्तीत प्रॉमिस, म्हणजे पुढे येणाऱ्या उत्तराची जागा धरणारी वस्तू, आलं आणि २०१७ मध्ये असिंक-अवेट: असिंक फंक्शनमध्ये ‘अवेट’ लिहिलं की उत्तर येईपर्यंत तेवढं फंक्शन थांबतं.

कोड वाचनीय झाला, पण वेगाचा हिशेब बिघडला. त्याचं मूळ खुद्द स्पेसिफिकेशनमध्ये, म्हणजे भाषेच्या अधिकृत नियमांत होतं. अवेटपुढे आधीच प्रॉमिस असलं, तरी इंजिनाने (कोड चालवणाऱ्या प्रोग्रॅमने) त्याभोवती दुसरं प्रॉमिस गुंडाळायचं, असा नियम होता. पहिल्या फेरीत मूळ प्रॉमिसवर देन (उत्तर आल्यावर काय करायचं याची नोंद) लागायचं, दुसरीत त्याचं उत्तर वरच्या प्रॉमिसपर्यंत पोचायचं आणि तिसरीत कुठे फंक्शन पुढे सरकायचं. उत्तर हातात तयार असलं, तरी मायक्रोटास्क रांगेच्या (हातातला कोड संपताच करायच्या छोट्या कामांची रांग) या तीन फेऱ्या चुकत नसत. शिवाय कुणीच न वापरणारं आणखी एक प्रॉमिस बनायचं ते वेगळंच. एखाद्या कॉलला हे जाणवतही नाही. हजारो वेळा फिरणाऱ्या लूपमध्ये मात्र चांगलंच जाणवतं.

यातली मला सर्वांत बोलकी वाटणारी गोष्ट नोड ८ ची आहे. त्यात एक बग होता: काही वेळा अवेट मधल्या फेऱ्या गाळून पुढे जायचं. नोड १० मध्ये वागणूक नियमाप्रमाणे झाली, म्हणजे फेऱ्या परत आल्या. पण प्रॉमिस आधीच असेल तर तेच वापरायला काय हरकत आहे, हा प्रश्न त्या बगमुळेच ऐरणीवर आला. क्रोम आणि नोड दोन्ही ज्यावर चालतात त्या व्ही८ इंजिनाच्या लोकांनी नियमच बदलण्याचा प्रस्ताव मांडला. तो स्वीकारला गेला आणि तीनाची एक फेरी झाली. २०१९ मध्ये क्रोम ७३ आणि नोड १२ मधून ही सुधारणा सर्वांपर्यंत पोचली.

एक फेरी अजूनही लागते, आणि ती लागायलाच हवी. नाहीतर तोच कोड कधी लगेच, कधी नंतर चालला असता.

जुनी लांबची वाट एका ठिकाणी उरली: असिंक फंक्शनमधून प्रॉमिस थेट रिटर्न केलं तर. तिथे ‘रिटर्न अवेट’च कमी फेऱ्यांत उरकतं. ते टाळा म्हणणारा ईएसलिंटचा (कोडमधल्या चुका दाखवणारं साधन) नियम २०२३ मध्ये कालबाह्य ठरवला गेला.