‘बेचिराख’मध्ये राख कुठून आली?

‘आगीत वस्ती जळून बेचिराख’ असे वाचले की डोळ्यांपुढे राखच येते. शब्दाच्या शेवटी ती बसलेलीच आहे. मूळ फारसी शब्दात मात्र राख नाही आणि आगही नाही. तो ‘बे-चिराग’, म्हणजे जिथे दिवा लागत नाही असा. ‘ग’चा ‘ख’ मराठी तोंडात झाला, आणि राख दिसू लागल्यावर तो मागे फिरण्याचा प्रश्नच उरला नाही.

जुन्या महसुली दप्तरात हा शब्द अगदी थंडपणे येतो. बेचिराख मौजे म्हणजे वस्ती उठलेले गाव. त्यासाठी लूटच व्हायला हवी असे नाही. दुष्काळ, पटकी, जाचक सारा, काहीही पुरे. माणसे गेली तरी गाव कागदावर राहायचे. त्याची शीव तीच, काळी, म्हणजे शेतजमीन, शेजारच्या गावचे लोक कसायचे, फक्त पांढरी ओस. पांढरी म्हणजे वस्तीची जागा. आज तिथे एखादे टेकाड आणि नांगराला लागणारी खापरे सापडतात. विदर्भात अशा जागेला रीठ म्हणतात. गाव उठले तरी वतनाचा हक्क सुटत नसे; ‘ओसाड गावची पाटीलकी’ ही थट्टा बहुधा त्यातूनच आली असावी.

लुटीशी या शब्दाचे नाते जुळले ते स्वाऱ्यांमुळे. फौज येते म्हटले की रयत आधीच परागंदा व्हायची, मग मागे उरलेले जाळले जायचे. १६३० च्या सुमारास आदिलशाही सरदार मुरार जगदेवाने पुणे जाळले आणि त्यावर गाढवाचा नांगर फिरवला, असे सांगतात. त्यातच १६३०-३२ चा भीषण दुष्काळ. कोणते घर कशामुळे अंधारले, हे या एका शब्दावरून कळायचे नाही.

दप्तराच्या लेखी ही अवस्था कायमची नव्हती. लोकांना परत आणायला कौल, म्हणजे सरकारी अभयवचन, दिला जाई आणि सारा इस्ताव्याने, म्हणजे सुरुवातीला थोडा व पुढे वर्षागणिक वाढता, घेतला जाई. आपण मात्र हिरोशिमाला बेचिराख म्हणतो तेव्हा परतीचा विचार मनात नसतो.

‘जळून बेचिराख’ला चूक म्हणायला माझी जीभ रेटत नाही, दीर्घ वापराने तो अर्थ पक्का झाला आहे. जुना अर्थही गेलेला नाही, त्याने फक्त फारसी सोडली. खेड्यात एखाद्या बंद वाड्याकडे बोट दाखवून आजही म्हणतात, ‘दिवा लावायलासुद्धा कुणी उरलं नाही.’