केसांचे वस्त्र ल्यालेली संत: मग्दालीया मरीयेच्या पश्चात्तापी प्रतिमेची पार्श्वभूमी

मध्ययुगीन ख्रिस्ती चित्रांत पश्चात्तापदग्ध दिसणारी येशूची अनुयायी मग्दालीया मरीया बायबलमध्ये मात्र तशी आढळत नाही. तिच्यातून सात भुते निघाली होती, ती क्रुसाजवळ उभी होती आणि पुनरुत्थित येशू तिला दिसला, असे शुभवर्तमाने, म्हणजे बायबलमधील येशूची चरित्रे, सांगतात. इ.स. 591च्या सुमारास पोप पहिले ग्रेगरी यांनी एका प्रवचनात लूकच्या शुभवर्तमानाच्या सातव्या अध्यायातील अनामिक पापिणी, येशूने मरणातून उठवलेल्या लाजरची बहीण मरीया आणि ही मग्दालीया या तिघींना एकच ठरवले. पौर्वात्य ख्रिस्ती परंपरेने हे एकीकरण कधीच स्वीकारले नाही. पश्चिमेत मात्र ते रुजले. त्यात पुढे इजिप्तच्या संत मरीयेची, म्हणजे वाळवंटात विवस्त्र राहून तप करणाऱ्या दुसऱ्याच स्त्रीची, कथाही मिसळली. मग्दालीया दक्षिण फ्रान्समधल्या प्रोव्हान्स प्रांतातील गुहेत तीस वर्षे राहिली आणि देवदूत तिला रोज सात वेळा आकाशात उचलून नेत, ही आख्यायिका तेराव्या शतकातील ‘सुवर्णकथा’ या संतचरित्रसंग्रहामुळे सर्वदूर पोहोचली.

या सगळ्या मिश्रणाचा जणू नकाशाच फ्लॉरेन्सच्या अकादेमिया संग्रहालयातील एका फळीचित्रात (लाकडी फळीवर रंगवलेल्या चित्रात) पाहायला मिळतो. सुमारे 1280 ते 1285 या काळातील या चित्राच्या कर्त्याचे नाव हरवले असून कलेतिहासकार त्याला या चित्रावरूनच ‘मग्दालीन मास्टर’ म्हणतात. मध्यभागी पायांपर्यंत केसांनी झाकलेली मरीया उभी आहे आणि दोन्ही बाजूंना तिच्या चरित्राचे आठ प्रसंग आहेत. पापिणीने येशूचे पाय धुणे, लाजरचे पुन्हा जिवंत होणे आणि पुनरुत्थित येशूची भेट हे सुरुवातीचे प्रसंग खरे तर तीन वेगवेगळ्या स्त्रियांचे आहेत. त्यानंतर प्रोव्हान्सची आख्यायिका सुरू होते. मध्यभागच्या मरीयेच्या हातातील पट्टीवरील लॅटिन मजकूर पापात रमणाऱ्यांना निराश न होण्यास आणि तिच्या उदाहरणाने देवाकडे परतण्यास सांगतो.

हा मजकूर तिथे असणे त्या काळाशी सुसंगतच होते. रोममध्ये 1215 साली भरलेल्या चौथ्या लॅटरन परिषदेने, म्हणजे चर्चच्या धर्मसभेने, प्रौढ ख्रिस्ती व्यक्तीला वर्षातून किमान एकदा पापनिवेदन (धर्मगुरूपुढे पापांची कबुली) बंधनकारक केले होते, आणि त्याचा प्रचार करणाऱ्या फ्रान्सिस्कन व डॉमिनिकन या संन्यासी संघांच्या प्रवचनकारांना क्षमा मिळालेल्या पापिणीइतके प्रभावी उदाहरण दुसरे नव्हते. त्यातच 1279मध्ये प्रोव्हान्समधील सेंट-मॅक्सिमिन येथे तिचे अवशेष सापडल्याचा दावा करण्यात आला.

केसांचे हे वस्त्र सर्वच चित्रकारांनी स्वीकारले नाही. इटलीतील पाडुआच्या स्क्रोवेन्यी चॅपेलमध्ये चित्रकार जोत्तोने तिला लाल वस्त्रात रंगवले, तर पंधराव्या शतकात रोगिअर व्हॅन डर वेडनने तिला हिरव्या पोशाखात वाचनात मग्न दाखवले. तिथे तिची ओळख पटते ती जवळच्या सुगंधी तेलाच्या कुपीवरून.