सगळ्यात जास्त जळलेला कोपरा

आगीची कुठलीही बातमी वाचा, शेवटी एक वाक्य ठरलेलं असतं: 'शॉर्ट सर्किटमुळे आग लागल्याचा प्राथमिक अंदाज आहे.' राख धुमसत असतानाच हा अंदाज छापूनही येतो. पण आगीचं मूळ शोधणं हे फार अवघड काम आहे.

सुरुवातीच्या खुणा सोप्या असतात. समईमागच्या भिंतीवरची काजळी बघा, ज्योतीपाशी अरुंद आणि वर पसरत गेलेली. पेटलेल्या सोफ्यामागेही तशीच खूण उमटते. तिचं खालचं टोक जिथे, तिथे आगीचा जन्म.

खोली बंदिस्त असली की मात्र गणित बदलतं. तापलेला धूर छताखाली साठतो आणि त्याचा थर खाली उतरू लागतो. हा थर स्वतःच उष्णता फेकतो, तीही निरपेक्ष तापमानाच्या (म्हणजे सेल्सिअस अधिक 273) चौथ्या घाताच्या प्रमाणात. म्हणजे थर 300 अंश सेल्सिअसवरून 600 वर गेला की खाली येणारी उष्णता दुप्पट नाही, पाचपटीहून जास्त होते. जमिनीवर दर चौरस मीटरला 20 किलोवॉट पडू लागतात. भर दुपारचं ऊन साधारण 1 किलोवॉट असतं. वीस सूर्य एकदम डोक्यावर! गादी, पडदे, पुस्तकं, सगळ्यांतून ज्वलनशील वाफा निघतात आणि काही सेकंदांत अख्खी खोली पेटते. याला फ्लॅशओव्हर म्हणतात.

यानंतर आतला प्राणवायू संपत येतो, आणि आग जिथून हवा मिळते तिथे, दाराखिडक्यांपाशी, सर्वांत जोरात जळते. साहजिकच सगळ्यात खोल जळलेला भाग तिथे सापडतो, मग सुरुवात कुठेही झालेली असो. 2005 मध्ये लास व्हेगासला तपासनिसांना अशी एक खोली दाखवली. फ्लॅशओव्हरनंतर ती फक्त दोन मिनिटं जळली होती. आग कुठल्या चतुर्थांशात लागली, एवढंच सांगायचं होतं. 53 पैकी तिघांचं उत्तर बरोबर आलं. डोळे मिटून बोट ठेवलं असतं तरी तेराएक जणांचं आलं असतं.

फ्लोरिडातल्या जॅक्सनव्हिलमध्ये 1990 साली एका घराच्या आगीत सहा जण गेले. जमिनीवरचे जळके पट्टे पाहून घरातल्याच माणसावर पेट्रोल ओतल्याचा आरोप झाला. आग सोफ्यावर लागली, असं तो सांगत होता. मग सरकारी पक्षानेच त्याच गल्लीतलं तसंच घर सामानासकट सजवून पेटवलं, नुसता सोफा, पेट्रोलचा थेंब नाही. पाच मिनिटांच्या आत फ्लॅशओव्हर झाला, जमिनीवर तसेच पट्टे उमटले, आणि आरोप मागे घ्यावे लागले.

आपल्याकडे दोरीवरचे कपडे 'आपोआप' पेटले की भानामतीचं नाव घेतात. कापूस पेटायला शेकडो अंश तापमान लागतं आणि ते कुठून तरी यावंच लागतं. तिथेही हाच शोध घ्यायचा असतो.

राहता राहिलं शॉर्ट सर्किट. राखेत तांब्याच्या तारेच्या टोकाला मोहरीएवढा गोल मणी सापडतो. तांबं 1085 अंशांना वितळतं. मण्याची कड एकदम तुटक असेल आणि शेजारची तार शाबूत, तर ते ठिणगीचं काम. तार लांबवर ओघळून बारीक झाली असेल, तर आगीच्या उष्णतेचं. पण ठिणगीचा मणी मिळाला म्हणून कारण मिळालं असं होत नाही. आगीनेच वायरचं प्लास्टिक जाळलं आणि उघड्या तारा चिकटल्या, तरी तसाच मणी तयार होतो. आग पोचली तेव्हा त्या तारेत वीज होती, इतकंच तो खात्रीने सांगतो.