लखलखीत वस्तरा म्हणजे धारदार वस्तरा नव्हे

जुना गंजका वस्तरा रात्रभर व्हिनेगरमध्ये बुडवायचा, सकाळी फिरत्या बफवर, म्हणजे पॉलिशच्या कापडी चाकावर, धरून चकाचक करायचा, की झाला नवा! असे व्हिडिओ हल्ली ढिगाने दिसतात. धारेचं काय झालं, ते मात्र कोणी दाखवत नाही.

इंग्लंडमधल्या शेफील्डचे किंवा जर्मनीतल्या झोलिंगेनचे जुने वस्तरे बहुतेक साध्या कार्बन पोलादाचे. स्टेनलेस स्टीलमध्ये किमान साडेदहा टक्के क्रोमियम असतं आणि त्याच्या ऑक्साइडचा अदृश्य थर धातूला झाकतो. या वस्तऱ्यांना ते कवच नाही. वरवरचा तांबूस गंज तेल आणि बारीक पॉलिश पेपरने निघतो, त्याची चिंता नको. पाहायचे ते काळे टिपके, कारण त्यांच्याखाली खड्डे असतात.

हा खड्डा पडतो कसा, हे फार विलक्षण आहे. खारट पाण्याचा थेंब पात्यावर बसला की त्याच्या कडेला ऑक्सिजन भरपूर मिळतो, मध्यभागी कमी. मग मध्यभागी लोखंडाचे अणू इलेक्ट्रॉन सोडून आयन, म्हणजे धन भाराचे कण, होतात. ते इलेक्ट्रॉन धातूतून कडेला जातात आणि तिथे ऑक्सिजन ते घेतो. थोडक्यात, थेंबाखाली विद्युतघटच तयार होतो. वर गंजाचं झाकण बसलं की आतला ऑक्सिजन आणखी घटतो. धन आयनांकडे मिठातले क्लोराइड आयन ओढले जातात, लोखंडाचे आयन पाण्याशी अभिक्रिया करून आम्लता वाढवतात आणि त्या आम्लात आणखी लोखंड विरघळतं. खड्डा स्वतःच स्वतःला खोल करत जातो! व्हिनेगरने गंज विरघळतो हे खरं, पण खड्डा भरत नाही; उलट जास्त वेळ ठेवलं तर चांगलं पोलादही खाल्लं जातं.

खड्डा पात्याच्या मध्यावर असेल तर खुशाल राहू द्या. धारेवर पोचला असेल तर तिथे खाच पडणारच. म्हणून कामाला हात घालण्यापूर्वी दहापट भिंगातून धार तपासावी. केस पोलादापेक्षा सुमारे 50 पट मऊ, तरी तो धारेचे टवके काढू शकतो, हे अमेरिकेतल्या एमआयटी या विद्यापीठाच्या संशोधकांनी 2020 मध्ये दाखवलं. खाचांची धार किती टिकेल?

बफचा धोका वेगळा. वस्तऱ्याचं पोलाद तापवून, झटकन थंड करून, पुन्हा साधारण 150 ते 200 अंशांवर तापवून कणखर केलेलं असतं. कागदाहून पातळ धार बफवर क्षणात तापते. ती निळी झाली म्हणजे तापमान 300 अंशांच्या आसपास गेलं आणि कडकपणा उतरला. म्हणून हातानेच घासावं.

मग धार लावायचा 1000 ग्रिटचा दगड (ग्रिटचा आकडा जितका मोठा, तितका दगड बारीक). वस्तऱ्याची पाठ आणि धार दोन्ही दगडाला टेकवायची. पाठीची जाडी 4.5 मिलिमीटर आणि पात्याची रुंदी 16 असेल, तर धारेचा कोन आपोआप सुमारे 16 अंश होतो. कोन मोजायचं काम पाठच करते. पुढे 5000, 8000 आणि शेवटी चामड्याचा पट्टा. पट्ट्यावर मात्र पाठ पुढे, धार मागे.

गंजामुळे धनुर्वात होतो, हा समज चुकीचा आहे. त्याचे जंतू माती-शेणात असतात आणि चकचकीत पात्यावरूनही जखमेत जाऊ शकतात. त्यावर उपाय लस. जुनं पातं वापरण्यापूर्वी निर्जंतुक करावंच आणि एकाचा वस्तरा दुसऱ्याने वापरू नये.

दाढी झाल्यावर पातं कोरडं पुसून तेलाचा हात फिरवा आणि बाथरूमबाहेर ठेवा.