नांगर धरत नाही? आधी साखळी मोजा

‘बोटीचा हा नांगर किती ओढ सहन करतो, एकच आकडा सांगा,’ असं बहुतेक गिऱ्हाइकं विचारतात. आम्ही एकच आकडा सांगत नाही, कारण तळ बदलला की आकडा बदलतो. आमच्याकडचा प्रत्येक प्रकारचा नांगर आम्ही वाळूत, चिखलात आणि गोट्यांवर ओढून पाहतो. साखळीला ताणमापक लावायचा, इंजिनाचा जोर हळूहळू वाढवायचा आणि नांगर सरकू लागला की ताण टिपायचा. तोच नांगर चार हात बाजूला टाकला तरी फरक पडतो. म्हणून जागा बदलून पुन्हा ओढतो आणि सल्ला देताना सगळ्यात कमी आलेला आकडा धरतो.

घट्ट बारीक वाळू सर्वांत भरवशाची. मऊ चिखलात वजनापेक्षा फाळाची, म्हणजे नांगराच्या तळात रुतणाऱ्या पसरट भागाची, रुंदी कामाला येते. चपट्या फाळांचा हलका नांगरही तिथे छान धरतो, पण वारा फिरला की तो उपटू शकतो, आणि फाळांत चिखलाचा गोळा अडकला तर पुन्हा रुतत नाही. समुद्रगवतावर फाळ गवताच्या पात्यांवरून घसरतो. तिथे नांगर टाकूच नका, मोकळ्या वाळूचा पट्टा शोधा. खडकात नांगर रुतत नाही, अडकतो, आणि मग निघता निघत नाही.

आता मुख्य गोष्ट. ‘धरत नाही’ म्हणून परत आलेल्या नांगरांत बहुधा काहीच दोष नसतो. साखळी कमी सोडलेली असते. समजा, पाणी ४ मीटर आहे. खोलीच्या पाचपट साखळी हवी म्हणून तुम्ही २० मीटर सोडता. पण साखळी पाण्यापासून नाही, नाळेपासून, म्हणजे बोटीच्या पुढच्या टोकापासून सुटते. नाळ पाण्यावर १ मीटर आणि भरती ३ मीटर चढणार असेल, तर खरी उंची ८ मीटर. म्हणजे भरतीला तुमच्याकडे जेमतेम अडीचपट उरते. ताणलेली साखळी दांडा वर उचलते आणि फाळ उकरून निघतो. इथे ४० मीटर हवी होती. वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की बोटीवरचा जोर चौपट होतो, त्यामुळे दुपारी निमूट धरलेला नांगर रात्री सुटतो.

म्हणून नांगर बदलून देण्याआधी आम्ही किती साखळी सोडली होती ते विचारतो. काहींना ते आवडत नाही. त्यांना मोठा नांगर विकणं आम्हाला सोपं आहे, पण आखूड साखळीवर तोही घसरेल.

साखळीचा ढीग नांगरावर ओतू नका. बोट मागे सरकत असताना साखळी सोडत जा, पूर्ण लांबी झाली की इंजिन मंद रिव्हर्समध्ये टाका, नांगर धरला की मगच जोर वाढवा. चिखलात जोर लावण्याआधी नांगराला थोडा वेळ बसू द्या. साखळीवर हात ठेवा. ती थरथरत, धक्के देत असेल तर नांगर ओढला जातोय. किनाऱ्यावरच्या एका रेषेतल्या दोन खुणाही नजरेत ठेवा.

साखळी आमच्याकडून घेतलीत तर लांबीच्या खुणा रंगवून देतो. नांगर घ्यायला येताना बोटीची लांबी, नाळेची उंची, भरतीच्या वेळची खोली आणि तळ कसला आहे ते सांगा. तळ माहीत नसेल तर शिशाच्या वजनाच्या बुडाला ग्रीस लावून ते दोरीने तळाला टेकवा आणि त्याला जे चिकटून येईल ते पिशवीत घालून आणा.